तर्जनीचे १४ टक्के

१९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक यादी जोडलेली होती. कुठला अवयव गेला तर माणसाची कमावण्याची ताकद किती टक्क्यांनी घटली असं धरायचं, ते त्या यादीत लिहिलं होतं. अंगठा गेला, ३० टक्के. तर्जनी मुळापासून गेली, १४ टक्के. एका हाताची चारही बोटं गेली, ५० टक्के.

माझ्या दादाची चारही गेली. उजव्या हाताची. भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत, पॉवर प्रेसवर, सेकंड शिफ्ट सुटायला वीस मिनिटं असताना. तो तेव्हा २६ वर्षांचा होता, मी अकरावीत.

पुढच्या दोन वर्षांत त्याच्या आयुष्यात बरीच माणसं येऊन गेली. ऑपरेशन करणारे डॉक्टर, ड्रेसिंगची सिस्टर, फिजिओथेरपिस्ट, वकील, कॉन्ट्रॅक्टरचा माणूस, अपंगत्वाचं सर्टिफिकेट देणाऱ्या बोर्डावरचे डॉक्टर. काही जण खरंच चांगले होते. पण प्रत्येकाने बघितलं ते किती गेलं. 'आता तुला काय करायचंय?' हे एकानेही विचारलं नाही. घरच्यांनीही नाही. मीही नाही.

हा प्रश्न विचारणं हे जगात एक रीतसर काम आहे, त्याचं शिक्षण असतं, पदवी असते, हे मला फार उशिरा कळलं. त्याला पुनर्वसन समुपदेशन म्हणतात. समुपदेशन म्हटलं की आपल्याला मंद दिवा, मऊ खुर्ची आणि टिश्यू पेपर आठवतो. या कामाची सुरुवात मात्र थेट पोटापाण्यापासून झाली. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, अमेरिकेने सैनिक नसलेल्या अपंग नागरिकांनाही पुन्हा कामाला लावण्यासाठी कायदा केला. १९५४ च्या कायद्याने हे काम करणारे समुपदेशक विद्यापीठांत तयार करायला पैसा दिला. दवाखाना जखम भरून देतो आणि नोकरी पगार देते. या दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर माणसासोबत चालणारं कुणीतरी लागतं. या विषयाचा पाया हाच आहे.

आपल्याकडे त्या रस्त्यावर नातेवाईक उभे असतात. सल्ला घेऊन.

दादाला मामा म्हणाला, झेरॉक्सचं दुकान टाक. आत्या म्हणाली, आधी लग्न उरका, मग कुणी देणार नाही. शेजारचे काका म्हणाले, वॉचमनची ओळख आहे माझी. शेवटी नुकसानभरपाईचे पैसे झेरॉक्स मशीनमध्ये गेले. दुकान अकरा महिने चाललं. धंदा कमी होता हे खरं, पण दादाला छळणारी गोष्ट वेगळीच होती. काउंटरवर येणारा प्रत्येक माणूस कागद पुढे करायचा आणि विचारायचा, "काय झालं हो हाताला?" दिवसातून तीस वेळा तोच अपघात सांगायचा, वर दोन रुपये सुट्टे द्यायचे.

झेरॉक्सच्या आधी एसटीडी-पीसीओचे बूथ होते. तुमच्यापैकी अनेकांनी ते पाहिलेही नसतील. पिवळ्या पाटीच्या त्या खोक्यांत सरकारने कित्येक अपंग माणसांना बसवलं आणि पुनर्वसन झालं म्हणून फाइल बंद केली. मग मोबाइल आला आणि बूथ गेले. त्यात बसलेल्यांचं पुढे काय झालं, ते बघायला फाइल पुन्हा उघडली नाही. अंध आहे ना, मग खुर्च्या विणेल. ऐकू येत नाही ना, मग शिवणकाम. माणूस यायच्या आधीच त्याचं काम ठरलेलं. मग माणसाला विचारायची गरजच काय?

बिआट्रिस राईट या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये अपंगत्वाच्या मानसशास्त्रावर एक पुस्तक लिहिलं. त्यात एका प्रकाराचं वर्णन आहे. बघणाऱ्याच्या मनात एका अवयवाची उणीव शाई सांडल्यासारखी पसरते आणि अख्ख्या माणसावर चढते. हे मी आमच्याच बैठकीच्या खोलीत पाहिलंय. पाहुणे दादासमोर बसून मला विचारायचे, "ह्याला चहा चालतो का?" बोटं गेली होती. जीभ जागेवर होती.

आता कुणी म्हणेल, ठीक आहे, प्रत्येक दवाखान्यात एक समुपदेशक नेमा, प्रश्न मिटला. नुसता नेमून मिटत नाही. एड रॉबर्ट्सची गोष्ट ऐका. चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, मानेखालचं जवळजवळ सगळं शरीर निकामी झालं, रात्री श्वासासाठी लोखंडी यंत्रात झोपावं लागायचं. त्याला बर्कलीच्या विद्यापीठात शिकायचं होतं. कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याने ठरवलं की हा इतका अपंग आहे की नोकरी करूच शकणार नाही, मग याच्या शिक्षणावर पैसे कशाला घालवायचे? बोभाटा झाल्यावर खात्याने माघार घेतली. रॉबर्ट्स शिकला, अपंगांनी स्वतः चालवलेलं केंद्र त्याने आणि मित्रांनी बर्कलीत उभं केलं आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तो त्याच पुनर्वसन खात्याचा प्रमुख झाला.

म्हणजे खातं होतं, तज्ज्ञ होते, टेबलं होती. ठरवायचा अधिकार मात्र टेबलाच्या चुकीच्या बाजूला होता. समुपदेशकाने माहिती द्यावी, वाटा दाखवाव्यात, अडचणी स्पष्ट सांगाव्यात. निवड करायची ती समोरच्या माणसाने, त्याच्या आईवडिलांनीही नाही. हे जिथे पाळलं जात नाही, तिथे समुपदेशक हा पगारी मामा होतो.

आपल्याकडे कायदे कमी आहेत असं नाही. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद आली. पुनर्वसन समुपदेशक आणि व्यवसाय समुपदेशक यांना त्या कायद्याने व्यावसायिक म्हणून मान्यता दिलेली आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. नोकरीतलं आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ वर गेलं. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, गरज पडली तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. दादा कॉन्ट्रॅक्टवर होता, तोही खासगी कंपनीत, त्यामुळे हे कलम त्याच्या कामाचं नव्हतं. २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द दिला, २०२२ मध्ये महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचं वेगळं खातं झालं. शब्द आला, खातं आलं. खिडकीवरचा प्रश्न तोच राहिला: किती टक्के?

टक्के लागतात, मी नाकारत नाही. ४० टक्क्यांची रेघ ओलांडल्याशिवाय आरक्षण मिळत नाही. पण टक्केवारी ही दारावरची पावती आहे आणि आपण तिलाच माणसाचं भविष्य समजून बसलोय. हे मी एकटा म्हणत नाही. मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात वाचा-भाषेचं ४४-४५ टक्के अपंगत्व असलेल्या मुलाला केवळ त्या आकड्यामुळे एमबीबीएसला अपात्र ठरवलं होतं. न्यायालयाने दुसऱ्या बोर्डाला साधा प्रश्न विचारायला लावला: हा मुलगा हे शिक्षण पूर्ण करू शकेल का? उत्तर आलं, करू शकेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने बजावलं की नुसत्या टक्क्यांवरून कुणाला बाद करता येणार नाही, क्षमता तपासावी लागेल. जो प्रश्न पहिल्या दिवशी पहिल्या टेबलावर विचारायचा, त्यासाठी एका पोराला दिल्ली गाठावी लागली.

"साध्या आजाराला डॉक्टर मिळत नाही, तिथे समुपदेशक कुठून आणणार?" हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. त्याचं एक उत्तर मराठीतच आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' वाचा. सोळाव्या वर्षी कमरेखालची ताकद गेलेल्या या मुलीला बाबूकाका दिवाण भेटले. ते स्वतः अपंग होते आणि व्यवसाय करत होते. अपंग माणूस कसा जगू शकतो हे तिला जगणाऱ्याकडूनच कळलं. पुढे १९८४ मध्ये नसीमादीदींनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. त्याच वाटेने आधी गेलेला माणूस हाही पुनर्वसनाच्या पायातला एक दगड आहे आणि तो आपल्या प्रत्येक तालुक्यात सापडतो. त्याला शोधा, थोडं शिक्षण द्या, मानधन द्या.

दादालाही असाच एक जण भेटला, सर्टिफिकेटच्या रांगेत. पन्नाशीचे गृहस्थ, डाव्या हाताला अंगठा आणि एकच बोट. त्यांनी दादाचा हात बघितला, कसं झालं ते विचारलं नाही. म्हणाले, "ड्रॉइंग वाचता येतं का रे तुला?" दादा म्हणाला, येतं. "मग दुकानात काय करतोस? क्वालिटीला जा. व्हर्नियर डाव्या हाताने धरायला महिनाभर त्रास होतो, मग बसतो हात. तुला मशीनजवळ राहायचंय का पण?"

दादा घरी येऊन म्हणाला, "मला मशीनजवळच राहायचंय." दोन वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं, कारण प्रश्नच पहिल्यांदा आला होता. आज तो चाकणला इन्स्पेक्शनला आहे. झेरॉक्स मशीन भंगारात गेली, तिच्यासोबत ती रक्कमही.

दादाचं नशीब, की रांगेत त्या दिवशी तेच गृहस्थ पुढे उभे होते. पण भोसरी-चाकणमध्ये बोटं गेलेली पोरं एवढी आहेत की रांगेतल्या नशिबावर त्यांना सोडून चालणार नाही. म्हणून मागणी साधी आहे. ज्या दिवशी सर्टिफिकेटचा बोर्ड बसतो, त्या दिवशी त्याच खोलीबाहेर आणखी एक टेबल लावा. त्यावर प्रशिक्षित समुपदेशक बसवा, शेजारी त्याच वाटेने गेलेला एक माणूस बसवा. टक्के आत ठरू देत. बाहेर त्या माणसाला विचारा की त्याला काय करायचंय, आणि तो सांगेल ते त्याच्यासमोर कागदावर लिहून घ्या.

ते टेबल लागेपर्यंत आपणही एक करू शकतो. घरात, शेजारी, ऑफिसात असं कुणी असेल तर झेरॉक्सच्या दुकानाचं नाव काढू नका.