तपासाची मजुरी

माझ्या गाडीच्या पाटीवर अजून एमएच-३० हा अकोल्याचा क्रमांक आहे. म्हणजे १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अकोल्यापासून विभक्त होण्यापूर्वीच तिची नोंद सरकारी दप्तरात झाली होती, आणि नव्या जिल्ह्याला एमएच-३७ हा स्वतंत्र क्रमांक मिळाल्यावरही तिने आपला जुना दाखला सोडला नाही. अशा वृद्ध वाहनाच्या प्रकृतीत काही चंचलता यावी, यात नवल ते काय! गेल्या पावसाळ्यात तिला एक खोड जडली. कारंज्याच्या मोकळ्या रस्त्यावर ती निर्वेध धावे. परंतु वाशीमच्या पाटणी चौकाच्या गर्दीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला रे उचलला, की इंजीन थरथरू लागे, आचके देई आणि पुष्कळदा बंदच पडे. मेकॅनिक मंडळींच्या भाषेत, गाडी रेसवर ठीक होती, स्लोवर मिसिंग करीत होती.

एका गॅरेजात प्लग बदलले, दुसऱ्यात कॉइल, तिसऱ्यात कार्ब्युरेटर खोलून नवे किट टाकले; प्रत्येक वेळी दोन दिवस बरे वाटले आणि तिसऱ्या दिवशी फिर्याद पुन्हा कायम. अखेरीस रिसोडच्या एका वयोवृद्ध मिस्त्रीने पान्याला हात न लावता, बॉनेट उघडून चार-पाच मिनिटे नुसते ऐकले, मग बाटलीतले पाणी एकेका रबरी नळीवर शिंपडण्यास आरंभ केला. एका जागी पाणी पडताच इंजिनाचा सूर क्षणभर पालटला, आणि बोटाएवढ्या जाडीची ती व्हॅक्यूम नळी खालच्या अंगाने चिरलेली निघाली. त्याने नळीची किंमत तेवढी घेतली. मजुरी विचारता तो म्हणाला, “नुसतं पाह्याचे काय पैसे घेऊ, साहेब?”

हे वाक्य त्याच्या सौजन्याचे द्योतक खरे. परंतु आपल्या समाजाच्या एका जुन्या अन्यायाचेही ते द्योतक आहे.

त्या ‘नुसतं पाहण्या’त किती विद्या सामावलेली असते, ते आधी पाहू. इंजीन स्लोवर असते तेव्हा मिनिटास सुमारे ८०० ते ९०० फेरे घेते, हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते, आणि आत येणारी हवा इतकी अल्प असते की चिरेतून चोरवाटेने शिरलेली थोडीशी हवाही एकंदर हिशेबात मोठी भर घालून मिश्रण बिघडवते. उलट भरधाव वेगात तीच चोरी सहज पचून जाते. पेट्रोल गाडीचा धूर पीयूसी केंद्रावर इंजीन स्लोवर ठेवून मोजतात. विश्रांतीच्या घटकेलाच यंत्राचे गुण-दोष उघडे पडतात, हा अनुभव माणसांच्या बाबतीतही अगदीच अपरिचित नसावा.

या तपासाला एक क्रम आहे, आणि तो बिनखर्चाच्या परीक्षेपासून सुरू होतो. प्रथम हवा: नळ्या, मॅनिफोल्डचे गॅस्केट, ब्रेकला बूस्टर असल्यास त्याची नळी. मग ठिणगी: प्लग खोलून पाहावा, त्याचे टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर जळण यथायोग्य, काजळीने काळे असेल तर पेट्रोल अधिक, पांढुरके असेल तर हवा अधिक. रबरी मूठ असलेल्या पक्कडीने प्लगच्या वायरी एकेक करून काढाव्यात. जी काढल्याने इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही, त्या सिलिंडरमध्ये गुन्हेगार दडलेला आहे असे समजावे. त्यानंतर कार्ब्युरेटरचा स्लो जेट, आणि सर्वांत शेवटी टॅपेट व कॉम्प्रेशन. साक्षीपुरावा न घेता आरोपीला शिक्षा फर्मावणारा न्यायाधीश आणि तपास न करता पार्ट बदलणारा मिस्त्री, यांत तत्त्वतः भेद नाही.

परंतु सारा दोष मिस्त्रीच्या माथी मारणे हाही इन्साफ नव्हे. हजाराची कॉइल आपण विनातक्रार विकत घेतो. तासभर तपास करून “कॉइल चांगली आहे, बदलू नका” असे सांगणाऱ्याच्या हातावर मात्र शंभर रुपये ठेवताना कुरकुरतो. बदललेल्या वस्तूची पावती मिळते, वाचवलेल्या वस्तूची मिळत नाही. मग ज्याचे पोट पार्टांच्या विक्रीवर चालते, त्याने तपासात वेळ का दवडावा? अनुमानाचा हा धंदा आपल्याच कंजुषीने पोसला आहे.

कोणी म्हणेल, आता स्कॅनर आले, कानांची गरज काय? परंतु १९८३ साली आलेली मारुती ८०० आपल्या कार्ब्युरेटरच्या काळात, आणि तिच्याही आधीच्या पद्मिनी व अँबॅसॅडर, यांना स्कॅनर जोडण्याची जागाच नाही. आणि जेथे ती आहे तेथेही स्कॅनर लक्षण सांगतो, चिरलेली नळी बोट दाखवून सांगत नाही. त्यात आता पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एक किलो शुद्ध पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनास सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलास केवळ ९; जुन्या कार्ब्युरेटरला हा बदल कळण्याचे साधन नसल्याने तो पूर्वीच्याच मापाने पेट्रोल सोडतो आणि मिश्रण पातळ होते. शिवाय जुन्या धाटणीच्या रबरी नळ्यांना इथेनॉल मानवत नाही. जुन्या गाड्यांच्या स्लोच्या तक्रारी यापुढे घटण्याचा संभव दिसत नाही.

म्हणून वाशीम, रिसोड, मंगरूळपीर येथील गॅरेजवाल्यांना माझी सूचना आहे की, दुकानाच्या दरपत्रकात पार्टांच्या वर पहिली ओळ ‘तपासाची मजुरी’ अशी लिहावी, आणि पार्ट बदलला नाही तरी ती निःसंकोच मागावी. ग्राहकांना विनंती इतकीच, की ती न कुरकुरता द्यावी. रिसोडच्या त्या मिस्त्रीला मी दुसऱ्या खेपेस आग्रहाने दोनशे रुपये दिले. त्याने ते घेतले, पण घेताना तो संकोचला. तो संकोच वस्तुतः माझा असावयास हवा होता.