‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणजे सुटका नव्हे

रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ लिहिलेले दिसले की आपल्या वस्त्यांतल्या घरांना हायसे वाटते. टीबी निगेटिव्ह, एचआयव्ही निगेटिव्ह, कोरोना निगेटिव्ह. एवढाच अर्थ आपल्याला ठाऊक. त्यामुळे ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणजे तीनदा तपासले आणि काहीच निघाले नाही, अशी समजूत करून घरी बसलेल्या भगिनी आम्हां कार्यकर्त्यांना भेटतात. ही समजूत जिवावर बेतते.

स्तनाच्या कर्करोगाची गाठ तपासताना तीन गोष्टी पाहतात : इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे रिसेप्टर, आणि हर-टू हे प्रथिन. तिन्ही नसतील तर ट्रिपल निगेटिव्ह. कर्करोग असतोच, फक्त हार्मोनच्या गोळ्या आणि हर-टूवरची इंजेक्शने त्यावर चालत नाहीत. हा प्रकार झपाट्याने वाढतो आणि तरुण वयात जास्त आढळतो. मात्र केमोथेरपीला तो बऱ्याचदा चांगला प्रतिसाद देतो.

पाश्चात्त्य देशांत स्तनाच्या कर्करोगाच्या 100 रुग्णांत साधारण 10 ते 15 जणी या प्रकारच्या असतात. भारतातल्या 17 अभ्यासांतील 7 हजारांहून अधिक रुग्णांची आकडेवारी 2016 मध्ये एकत्र मांडली गेली, तेव्हा हे प्रमाण सुमारे 31 टक्के निघाले. म्हणजे दुपटीहून जास्त. मग लगेच बोलले जाते, ‘आपल्या बायकांचे रक्तच तसे.’

हे आम्हांला मान्य नाही. बीआरसीए-1 या जनुकातल्या दोषाचा या आजाराशी संबंध आहे, हे खरे. पण आकड्यामागे आणखीही कारणे आहेत. आपल्याकडे हार्मोनवर वाढणारे कर्करोग तुलनेने कमी, म्हणून उरलेल्यांचा टक्का फुगलेला दिसतो. आपल्या रुग्ण वयाने तरुण असतात. आणि तिसरे कारण तपासणीतच दडलेले आहे. काढलेला तुकडा तासाभरात फॉर्मालिनमध्ये पडला पाहिजे आणि त्यात किमान 6 तास राहिला पाहिजे. तो तसाच पडून राहिला तर असलेले रिसेप्टरही दिसेनासे होतात. हर-टूचा निकाल ‘2+’ असा अर्धवट आला तर फिश ही पुढची तपासणी लागते. पैशाअभावी ती राहून जाते. अशा वेळी जिला साध्या गोळीचा उपयोग झाला असता, तिच्या हातून ती गोळीच जाते. गरिबीने लिहिलेला रिपोर्ट रक्ताच्या माथी मारणे हा अन्याय आहे.

उपाय नाहीत असे मुळीच नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या चाचणीत ट्रिपल निगेटिव्हच्या नेहमीच्या केमोसोबत कार्बोप्लॅटिन हे जुने, स्वस्त औषध दिले गेले. 50 वर्षांपर्यंतच्या स्त्रियांत पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे 67 वरून 77 टक्क्यांवर गेले. याच संस्थेने 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत, दीड लाख स्त्रियांचा सहभाग असलेला दुसरा अभ्यास केला. त्यात प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. यंत्र नव्हते, शिकवलेले हात होते. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी 2019-21 सांगते की देशातल्या 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी एक टक्का स्त्रियांचीही स्तनतपासणी कधी झालेली नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. फिशसह तिन्ही तपासण्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयामार्फत मोफत झाल्या पाहिजेत, आणि कर्करोगाचे आकडे वस्तीवार व जातवार जाहीर झाले पाहिजेत. राबणाऱ्या बाईच्या बाळंतपणाचा भार तिने एकटीने सोसू नये, म्हणून 1928 साली बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात उभे राहिले होते. तिच्या आजाराचा भारही सरकारने उचललाच पाहिजे.

आणि आपले काम? विहारात महिला मंडळ जमेल तेव्हा एक दिवस आरोग्य सेविकेला बोलवा. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. हातात रिपोर्ट आला तर डॉक्टरांना विचारा : तिन्ही तपासण्या पूर्ण झाल्या का? हर-टू 2+ असेल तर पुढे काय? ऐकीव गोष्ट पारखून घ्या, हे तथागतांनीच शिकवले आहे. रिपोर्टही त्याला अपवाद नाही.

जय भीम!