बदलीचा हुकूम आणि रिठदची शाळा

लष्करातील शिपायाच्या हाती बदलीचा हुकूम पडतो तेव्हा त्याच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. बिऱ्हाड कोठे ठेवायचे, हा पहिला. आणि मुलांना कोणत्या शाळेत घालायचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पुष्कळदा लष्करच देऊन टाकते, कारण नवे ठाणे सीमेवरचे असेल तर कुटुंब बरोबर नेण्याची सोयच नसते. दुसऱ्याचे उत्तर मात्र सरकारने मोठ्या उदारपणे त्याच्यावरच सोपवले आहे. केंद्रीय विद्यालये आहेत, सैनिक स्कूल आहेत, नवोदय आहेत, लष्कराच्या कल्याण संस्थेच्या पब्लिक शाळा आहेत, वर शिक्षणभत्ताही आहे. जवानाने आता खुशाल निवड करावी, असे सांगितले जाते. ही निवड कितपत खरी आणि कितपत देखाव्याची, हे तपासायला दिल्लीतल्या कचेरीपेक्षा रिठदची वेस ही अधिक सोयीची जागा आहे.

वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातले हे गाव. भोवती सोयाबीन-तुरीचा मुलूख, आणि शेतीवर न भागणारी घरे. अशा घरातला तरुण सैन्यात जातो तेव्हा त्यात देशप्रेम असतेच. पण ठरल्या तारखेला हाती पडणाऱ्या पगाराचे मोलही असते, आणि ते लपवण्याचे काही कारण नाही. समजा, अशा एका जवानाचे कुटुंब तीन वर्षे झांशीच्या छावणीत राहिले. मुलगी तेथल्या केंद्रीय विद्यालयात चौथीपर्यंत शिकली. आता त्याची तुकडी अरुणाचलाकडे निघाली आहे. बायको दोन्ही मुलांना घेऊन सासरी रिठदला परतते. मुलीला पाचवीत कोठे घालायचे?

वाशिमला केंद्रीय विद्यालय आहे आणि जवानाच्या मुलांना तेथे प्रवेशात अग्रक्रमही आहे. पण अग्रक्रम म्हणजे जागा नव्हे. जागा मिळाली असे धरले, तरी दहा वर्षांच्या मुलीने रोज एस.टी.च्या भरवशावर वाशिमला जायचे आणि यायचे हे कोणत्याही आईला झेपणारे नाही. मग ती वाशिमला खोली भाड्याने घेते. सासूसासरे रिठदला, नवरा अरुणाचलात, आई आणि मुले वाशिमला. एका पगारावर तीन चुली पेटतात. ज्याला शाळेची निवड म्हणून गौरविले जाते, ती व्यवहारात घरभाड्याची निवड असते, आणि ते भाडे कुटुंबाच्या ताटातून जाते.

अर्थशास्त्राच्या ग्रंथांत ह्या प्रकारासाठी एक सुबक सिद्धान्त आहे. चार्ल्स टिबू ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1956 साली असे मांडले की, निरनिराळ्या स्थानिक संस्था निरनिराळ्या प्रतीच्या शाळा, रस्ते आणि सोयी देऊ करतात, आणि नागरिक आपल्या पसंतीच्या ठिकाणी राहायला जाऊन जणू चालत्या पायांनी आपला कौल देतात. शाळा पाहून घर घेणारा अमेरिकेतला मध्यमवर्गीय ह्या सिद्धान्तात चपखल बसतो. शिपाई त्यात कोठे बसतो? त्याचे पाय तर हुकुमाने चालतात. ज्याला राहण्याची जागा निवडण्याचा अधिकारच नाही त्याला शाळा निवडण्याचे स्वातंत्र्य आहे असे म्हणणे, ही अर्थशास्त्राच्या नावावर केलेली थट्टा आहे.

पण कायदा? बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आहे. त्याच्या पाचव्या कलमात बदलीचा विचार केलेला आहे, हे मान्य केले पाहिजे. कोणत्याही कारणाने, राज्यात वा राज्याबाहेर, मुलाला शाळा बदलावी लागली तर तसा त्याचा हक्क आहे. जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला ही सबब नव्या शाळेला सांगता येत नाही. दाखला देण्यात दिरंगाई करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. येथवर वाचणाऱ्याला वाटेल की रिठदच्या मुलीचा प्रश्न सुटला. परंतु त्याच कलमात दोन अपवाद आहेत. विनाअनुदानित खाजगी शाळा हा एक. आणि दुसरा, ज्यांना कायदा ‘विनिर्दिष्ट प्रवर्गा’तील शाळा म्हणतो त्या, म्हणजे केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि सैनिक स्कूल. म्हणजे ज्या शाळा सरकारने बदलीच्या नोकरदारांसाठी, सैनिकांसाठी आणि खेड्यातल्या हुशार मुलांसाठी म्हणून उभारल्या, नेमक्या त्याच शाळांत बदली होऊन आलेल्या मुलाला हक्काने प्रवेश मागता येत नाही. तेथे त्याने अर्ज करावा आणि रांगेत उभे राहावे. हक्क फक्त जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेवर. सामान्यांच्या शाळेवर सर्वांचा हक्क आणि निवडकांच्या शाळेवर फक्त निवडकांचा, ही वर्णव्यवस्था संसदेने कायद्याच्या कलमात लिहून ठेवली आहे आणि तिच्याविषयी कोणाला फारशी लाजही वाटलेली दिसत नाही.

नवोदयची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. 1986 च्या शैक्षणिक धोरणातून वाढलेल्या ह्या निवासी शाळा ग्रामीण मुलांसाठी आहेत. किमान पंचाहत्तर टक्के जागा त्यांच्यासाठी राखीव असतात. वाशिम जिल्ह्यालाही एक नवोदय विद्यालय आहे, आणि बाप सीमेवर असताना मुलीच्या राहण्याजेवणासकट शिक्षणाची सोय व्हावी, ह्याहून ह्या कुटुंबाला दुसरे काय हवे? मात्र परीक्षेला बसायचे तर मूल त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत असले पाहिजे, आणि ग्रामीण म्हणून गणले जायचे तर तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे त्याने ग्रामीण भागातल्याच शाळेत पूर्ण काढलेली असली पाहिजेत. रिठदच्या मुलीची तिसरी आणि चौथी झांशीच्या छावणीत गेली. तेव्हा नियमाच्या दृष्टीने ती ग्रामीण नाही. तिचे आजोबा रिठदला, शेत रिठदला, सातबारा रिठदचा, आणि आता राहणेही रिठदला. पण शहरी मुलांबरोबर तिने उरलेल्या जागांसाठी झुंजावे. शहरातल्या पालकांनी खेड्याचा खोटा पत्ता देऊन जागा लाटू नयेत म्हणून हा नियम आहे, आणि तो हेतू रास्तच आहे. परंतु नियम करताना जो स्थिर आहे तोच खेडूत, असे गृहीत धरले गेले. ऊसतोडीला जाणाऱ्याचे मूल आणि सैन्यात जाणाऱ्याचे मूल, दोघेही ह्या गृहीताच्या बाहेर पडतात. बाप सरकारच्याच हुकुमाने हलला होता, ह्याची नोंद घेणारा रकाना त्या अर्जात नाही.

राहता राहिली गावची जिल्हा परिषदेची शाळा. ती मुलीला नाकारू शकत नाही, आणि नाकारतही नाही. अडचण वेगळीच आहे. मुलगी देवनागरी वाचते, पण ती हिंदीची देवनागरी. ‘ळ’ आला की अडखळते. घरात आजीचे वऱ्हाडी तिला कळते, वर्गातले प्रमाण मराठी पुस्तक मात्र परके वाटते. केंद्रीय विद्यालयांत हिंदी आणि इंग्रजी शिकवतात, पुढे सहावीपासून संस्कृत येते. 2014 साली त्या शाळांत तिसरी भाषा जर्मन असावी की संस्कृत, ह्यावर देशभर मोठे रण माजले होते. मराठी मुलाची मराठी हा त्या रणातला पक्षच नव्हता. 2009 च्या कायद्याने कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून त्याच्यासाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद केली, हे उत्तमच झाले. चार वर्षे शाळेत जाऊन दुसऱ्या भाषेतून आलेल्या मुलासाठी अशी तरतूद नाही. ते काम वर्गशिक्षकाच्या चांगुलपणावर सोडलेले असते. त्यात सालाचे गणितही जुळत नाही. केंद्रीय विद्यालयाचे वर्ष एप्रिलमध्ये उघडते आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस. मधल्या काळात बदली झालेल्या मुलाचे दोन-तीन महिने कोठल्याच हजेरीपटावर नसतात.

आणि ज्या शाळेवर ह्या मुलीचा एकमेव हक्क शिल्लक राहतो, ती शाळा शासन कशी वागवते? 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या निर्णयाने कमी पटाच्या शाळांतील शिक्षकांच्या पदांवरच कात्री धरली. पट कमी का झाला, तर ज्यांना जमले ते पालक इंग्रजी शाळेकडे गेले. आणि ते का गेले, तर शिक्षक पुरे नव्हते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे चक्र समजावून सांगावे लागत नाही. मंत्रालयाला अजून समजत नाही, किंवा चांगले समजते.

ह्यावर नेहमीचे उत्तर असे की, सरकार सैनिकाला पैसे देते. देते, हे खरे. 1 जानेवारी 2024 पासून केंद्रीय कर्मचाऱ्याच्या मुलांचा शिक्षणभत्ता दरमहा मुलामागे 2,812 रुपये 50 पैसे आहे आणि तो दोन मुलांपर्यंत मिळतो. जवानाच्या घरी ही रक्कम नकोशी नाही, आणि ती काढून घ्यावी असे कोणीही म्हणणार नाही. परंतु भत्त्याने शाळा उभी राहत नाही. वाशिममध्ये हा भत्ता खोलीच्या भाड्यात विरतो, रिठदमध्ये तो खाजगी शाळेच्या गाडीभाड्यात विरतो. कोणत्याही ठिकाणी त्यातला एक पैसाही जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीचा एक जादा तास घेणाऱ्या शिक्षकाकडे पोचत नाही. सार्वजनिक सेवेची जागा व्यक्तिगत खर्चाने भरून काढायची ही रीत आहे. तिचा परिणाम असा की भत्ता वाढतो तशी खाजगी शाळेची फीही वाढते.

गंमत अशी की, भांडवलशाहीचे माहेरघर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेने ह्या बाबतीत अधिक सामाजिक शहाणपण दाखवले. तेथील शाळा स्थानिक मालमत्ताकरावर चालतात, आणि लष्करी तळाची जमीन करमुक्त. म्हणून सैनिकांच्या मुलांचा भार ज्या शाळांवर पडतो त्यांना 1950 सालच्या कायद्यापासून संघसरकार थेट अनुदान देते. पैसा पालकाच्या खिशात न जाता शेजारच्या सार्वजनिक शाळेत जातो. पुढे सर्व पन्नास राज्यांनी सैनिकांच्या मुलांचे दाखले, वयाची अट, विषयांची जुळणी ह्यांबाबत आपसांत करारही केला. 2014 पर्यंत तो पुरा झाला. काही तळांवर तेथेही लष्कराच्या वेगळ्या शाळा आहेत, आणि श्रीमंत व गरीब वस्त्यांच्या शाळांमधली तेथली दरी कोणी अनुकरण करावी अशी नाही. तरीही बहुतेक सैनिकांची मुले शेजाऱ्यांच्या मुलांबरोबर एकाच बाकावर बसतात.

आपल्याकडे उलटे झाले. दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून 1962 च्या नोव्हेंबरात, चीनशी युद्ध चालू असतानाच, केंद्रीय शाळांची योजना मंजूर झाली आणि पुढच्या वर्षी पलटणींच्या वीस शाळा त्यासाठी ताब्यात घेण्यात आल्या. त्याआधी 1961 साली साताऱ्याला सैनिक स्कूल निघाले होते. त्या काळाची निकड खोटी नव्हती. पण लगेचच 1964 ते 1966 ह्या काळात कोठारी आयोग बसला, ज्याचे सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, आणि त्याने शेजारशाळेवर आधारलेली समान शाळापद्धती हाच मार्ग सांगितला. 1985-86 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, असेही सांगितले. ते सहा टक्के आजवर आले नाहीत. आली ती बेटे: 1983 साली लष्कराच्या कल्याण संस्थेच्या शाळा, त्यानंतर नवोदय, आणि 2021 साली खाजगी संस्थांच्या भागीदारीत शंभर सैनिक स्कूलांचा निर्णय. प्रत्येक नवे बेट उठले की मुख्य भूमीवरच्या शाळेसाठी आवाज उठवणारा एक समर्थ वर्ग कमी झाला. अधिकाऱ्याचे मूल बेटावर पोचले. शिपायाचे मूल बाप छावणीत असेपर्यंतच तेथे राहिले. बहुतेक शिपाई पस्तीस-चाळीस वर्षांचे असताना घरी परततात, म्हणजे नेमके मुले माध्यमिक शाळेत असताना. अग्निवीराचे तर बोलायलाच नको. 2022 च्या योजनेतला तरुण चार वर्षांनी घरी येईल तेव्हा त्याला माजी सैनिकाचा दर्जाही नसेल. मग त्या दर्जावरच्या अग्रक्रमाने त्याचे मूल केंद्रीय विद्यालयाच्या रांगेत तरी कसे उभे राहणार?

तेव्हा मागणी आणखी एका बेटाची नको. पाचव्या कलमातले अपवाद, निदान सरकारी हुकुमाने बदललेल्या आणि पोटासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांपुरते, संसदेने काढून टाकले पाहिजेत. नवोदयच्या नियमात बाहेर गेलेली वर्षे मूळ गावच्या खात्यावर मांडली गेली पाहिजेत. त्याला कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते. आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत बाहेरून आलेल्या मुलांसाठी मराठीचा शिक्षक हवा, पट वीस असो वा दोनशे. ह्यातली कोणतीही गोष्ट मोठ्या खर्चाची नाही. सैनिक स्कूलच्या संचलनाला पाहुणे म्हणून जाणाऱ्या लोकप्रतिनिधींनी एकदा रिसोडच्या पंचायत समितीत बसून पाचवीच्या दाखल्यांची चौकशी केली, तरी त्यांना हे कळेल.

जूनच्या अखेरीस रिठदच्या त्या मुलीची पाचवी सुरू होईल. बापाची अरुणाचलातली मुदत संपेल तेव्हा ती सातवीत गेलेली असेल, आणि आईला मुख्याध्यापकांकडे पुन्हा एकदा शाळा सोडल्याचा दाखला मागावा लागेल.