शेवटचे पान नसलेले पुस्तक

ह्या विषयावर कुटुंबाच्या मासिकात लिहावे की लिहू नये, याविषयी आमच्या मंडळात दोन महिने खल झाला. एक पक्ष असा, की हा अंक दुपारच्या वेळी आजी वाचते, रात्री सून वाचते आणि शब्दकोड्यासाठी शाळकरी नातवंडेही उघडतात. तेव्हा अशा गोष्टींना येथे जागा नको. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे इतकेच, की ज्या टेबलावर हा अंक पडलेला असतो त्याच टेबलावर मोबाइलही पडलेला असतो, आणि नातवंडे अंकापेक्षा तोच अधिक वेळा उघडतात. अखेर दोन पत्रांनी निकाल लावला. दोन्हींत नाव-गाव न छापण्याची विनंती होती. ती आम्ही पाळीत आहोत.

पहिले पत्र अकरावीतल्या मुलाच्या आईचे आहे. मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतो, गुण घसरले, जेवताना मान वर करीत नाही. एका रात्री तिने मोबाइल पाहिला आणि जे दिसले त्याने ती हादरली. तिचा प्रश्न सरळ आहे: “हे व्यसन म्हणावे काय? आणि व्यसन असेल तर ते दारूसारखे असते काय?” दुसरे पत्र एका मध्यमवयीन गृहिणीचे. पतीने स्वतःच कबूल केले, की “आता त्यात रस उरलेला नाही, तरी हात तिकडे जातो.” हे एक वाक्य आम्हांस अनेक ग्रंथांपेक्षा बोलके वाटले, त्याकडे पुढे येऊ.

उत्तर देण्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल. आजोबांच्या पिढीने जे चोरून पाहिले आणि नातू आज जे पाहतो ती एकच वस्तू, असे धरून घराघरांतून बोलले जाते, आणि तेथेच घोटाळा होतो.

शृंगार आपल्याला नवा नाही. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ ही महाराष्ट्री प्राकृतातली, म्हणजे आपल्या भाषेच्या माहेरचीच. पण त्या गाथांतल्या प्रत्येक स्त्रीला सासू आहे, दीर आहे, गावाला गेलेला नवरा आहे, शेजारीण आहे. ती कोणाची तरी कोणी आहे. ज्याला इंग्रजीत पोर्नोग्राफी म्हणतात त्यात मात्र माणसाची सगळी नाती गळून पडतात आणि देह तेवढा उरतो. खजुराहोचा दाखला देऊन आजच्या चित्रफितींचे समर्थन करणारे विद्वान आम्हांस भेटतात. त्यांनी एकदा ही दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत.

छायाचित्राचा शोध १८३९ साली जगापुढे आला आणि थोड्याच वर्षांत नग्न चित्रांचा व्यापार उभा राहिला. १८७४ साली लंडनमध्ये हेन्री हेलर नावाच्या छायाचित्रकारावर धाड पडली, तेव्हा पोलिसांना एक लाख तीस हजारांहून अधिक चित्रे सापडली. म्हणजे मागणीची ही भूक आजची नव्हे. १९५३ च्या डिसेंबरात अमेरिकेत ‘प्लेबॉय’ निघाले. दुसरा अंक निघेल की नाही याची मालकालाच खात्री नसल्यामुळे पहिल्यावर तारीखही छापली नव्हती. १९७२ च्या नोव्हेंबरचा अंक सत्तर लाखांवर खपला. आमच्या बाजूला त्या वेळी पिवळ्या वेष्टनातली पुस्तके होती, नंतर ‘मस्तराम’ या नावाने हिंदीत निघणाऱ्या पुस्तिका आल्या. स्टेशनवरच्या दुकानात त्या वर्तमानपत्रात गुंडाळून मिळत. पण आमच्या इंदुरात, आणि बडोदे-ग्वाल्हेरच्या मराठी वस्त्यांतही तेच असणार, दुकानदार हमखास वडिलांच्या ओळखीचा निघे. “अमुक साहेबांचे चिरंजीव ना तुम्ही?” एवढ्या प्रश्नाने कित्येकांची खरेदी खिळे-हातोड्यांच्या दुकानाकडे वळली असेल!

ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आला. दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन सुरू झाले, त्याच्या मागोमाग व्हीसीआर मध्यमवर्गात शिरला आणि त्याबरोबर ‘निळ्या’ चित्रफितीही. तरी यंत्र रात्रीपुरते भाड्याने आणायचे, पैसे चार मित्रांत वाटून घ्यायचे, कोणाचे तरी आईवडील लग्नाला गेलेले असायचे आणि सकाळी कॅसेट परत करायची. हे सारे योग जुळून येण्यास कित्येक महिने लागत.

या सगळ्या काळात एक गोष्ट समान होती, ती कोणी मुद्दाम केलेली नव्हती. पुस्तकाला शेवटचे पान होते, मासिकाला महिन्याचे अंतर होते, कॅसेटला शेवट होता आणि परतीची वेळ होती. पैसा, वेळ, लाज आणि ओळखीचे डोळे अशी चार कुंपणे बाहेर उभी होती. म्हणून घरात कोणी त्याविषयी अवाक्षर काढले नाही तरी चालून जात असे. आपल्या घरांतले मौन त्या काळी निभावले, ते कुंपणांच्या जोरावर.

ती कुंपणे पडली कशी, याचा इतिहास मात्र फार लहान आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सामान्यांस खुले झाले. २००७ च्या सुमारास फुकट चित्रफिती दाखविणारी मोठी संकेतस्थळे सुरू झाली. त्याच वर्षी आयफोन बाजारात आला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा आली आणि पाहता पाहता डेटा इतका स्वस्त झाला, की चित्रफीत पाहण्यासाठी पैशांचा हिशेब करण्याचे कारणच उरले नाही. अल कूपर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९८ मध्येच तीन गोष्टी नोंदविल्या होत्या: सहज मिळणे, स्वस्त मिळणे आणि आपण कोण हे कोणाला न कळणे. तेव्हा मोबाइलवर साधे चित्रही दिसत नव्हते. ‘प्लेबॉय’ने तर २०१५ च्या ऑक्टोबरात जाहीर केले, की आम्ही नग्न चित्रे छापणे थांबवितो, कारण आता सगळेच एका टिचकीवर फुकट मिळते. (पुढे २०१७ मध्ये त्यांनी ती पुन्हा सुरू केली, व्यापाराची बुद्धी ती.)

येथे आईच्या प्रश्नाकडे येतो. दारू हा बाहेरून शरीरात जाणारा पदार्थ आहे. येथे तसा पदार्थ नाही. पण मेंदूत ‘हे पुन्हा हवे’ असे सांगणारी जी यंत्रणा आहे, ती दोन्हीकडे एकच. डोपामिन नावाच्या द्रव्याचा त्यात मोठा वाटा आहे, आणि ते सुखापेक्षा सुखाच्या अपेक्षेने, विशेषतः अनपेक्षित नव्या गोष्टीने अधिक उसळते. निको टिन्बर्गेन या शास्त्रज्ञाला १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. समुद्रकाठच्या पक्ष्यांपुढे त्याने त्यांच्या अंड्यापेक्षा कितीतरी मोठे लाकडी अंडे ठेवले; स्वतःचे अंडे सोडून पक्षी त्या अंड्यावर बसण्याची धडपड करू लागला. निसर्गाने दिलेली खूण वाढवून दाखविली, की जीव खऱ्याकडे पाठ फिरवतो. पडद्यावरची चित्रफीत हे तसेच लाकडी अंडे आहे. आणि पक्ष्यापुढे एकच अंडे होते, मुलापुढे बोट सरकवताच दुसरे येते.

केंब्रिजच्या व्हॅलेरी वून यांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अशा चित्रफितींवरचा ताबा सुटलेले एकोणीस पुरुष आणि तेवढेच इतर पुरुष यांच्या मेंदूंची तुलना त्यात केली होती. ताबा सुटलेल्यांच्या मेंदूतली तीच केंद्रे अधिक पेटली, जी मादक द्रव्याच्या व्यसनींत त्या द्रव्याच्या नुसत्या खुणेने पेटतात. लक्षणीय असे, की त्यांना ओढ अधिक होती. आवड मात्र इतरांपेक्षा अधिक नव्हती. आमच्या दुसऱ्या पत्रातल्या गृहस्थाने हेच घरगुती शब्दांत सांगितले होते. ओढ वाढते, गोडी वाढत नाही. मग गोडीच्या शोधात माणूस अधिक तीव्र, अधिक विचित्र, कधी स्वतःलाच किळस येईल असे पाहू लागतो. त्याच वर्षी बर्लिनच्या एका अभ्यासात चौसष्ट पुरुष पाहिले गेले. जे अधिक तास पाहतात त्यांच्या मेंदूच्या एका भागातले द्रव्य कमी आढळले. मात्र पाहण्यामुळे ते कमी झाले, की मुळात कमी असलेले अधिक पाहतात, हे त्यावरून ठरत नाही. ‘मेंदू सडतो’ असे मोबाइलवर फिरणारे संदेश यावरूनच निघाले असावेत. त्यांच्यावर विश्वास ठेवू नये.

‘व्यसन’ या शब्दावर डॉक्टरांतही एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ मध्ये स्वीकारलेली रोगांची यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तीत लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटणे हा विकार घातला आहे. पण व्यसनांच्या रांगेत नव्हे, आवेग न आवरण्याच्या विकारांत. कसोट्या सांगण्यासारख्या आहेत. आयुष्यातले बाकी सर्व, म्हणजे आरोग्य, अभ्यास, जबाबदाऱ्या, मागे पडून हीच गोष्ट मध्यभागी येणे; थांबविण्याचे प्रयत्न वारंवार फसणे; नुकसान दिसत असूनही, किंवा सुख मिळेनासे होऊनही, चालूच राहणे; आणि हे सहा महिने वा अधिक काळ असणे. याच नोंदीत आणखी एक वाक्य आहे. केवळ ‘हे पाप आहे’ या भावनेने होणारी तळमळ एवढ्यावरून हा विकार ठरवू नये.

हे वाक्य आमच्या मते घरांसाठी सर्वांत मोलाचे. अमेरिकेतील जोशुआ ग्रब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले आहे, की ज्यांना हे पाहणे अनैतिक वाटते ते थोडे पाहूनही स्वतःला व्यसनी समजतात. आणि लाज ही येथे दुधारी वस्तू आहे. पूर्वी ती दुकानाच्या पायरीवरून माणसाला परतवीत असे. आता पाहून झाल्यावर येते. मग त्या खंतीतून सुटण्यासाठी मन जेथे चटकन विसावते तेथेच पुन्हा जाते. म्हणून ‘तू आमचे नाव घालवलेस’ असे मुलाला म्हणणे, हे न कळत त्याच्या हाती पुन्हा मोबाइल देणे आहे.

सरकारने बंदी घालावी, असेही काही वाचक सुचवितील. तोही प्रयोग झाला आहे, आणि त्याची सुरुवात इंदुरातूनच झाली. येथील वकील कमलेश वासवानी यांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१५ च्या जुलैअखेर सरकारने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला आणि गदारोळ होताच काही दिवसांत बव्हंशी मागे घेतला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ संकेतस्थळे पुन्हा बंद झाली. आडवाटा मुलांना ठाऊक असतात. एक मात्र घरातल्या प्रत्येकाला स्पष्ट सांगावे: अल्पवयीनांची अशी चित्रे पाहणे आणि जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ते निःसंदिग्धपणे सांगितले. पडद्यावरची माणसे राजीखुशीने तेथे असतातच असेही नाही. डिसेंबर २०२० मध्ये एका प्रचंड संकेतस्थळाने, ओळख न पटलेल्यांनी चढविलेल्या लक्षावधी चित्रफिती एकाएकी काढून टाकल्या, त्या अशाच आरोपांमुळे.

आता आपल्या घराची एक विशेष अडचण. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आमच्या मुलांची मराठी देवघरातली, स्वयंपाकघरातली, आजीच्या मांडीवरची. तीत देहाविषयी बोलण्यास शब्दच नाहीत. ते शब्द त्यांना गल्लीतल्या हिंदी शिव्यांतून मिळतात, नाहीतर पडद्यावरच्या इंग्रजीतून. म्हणजे ज्या भाषेत विश्वास आहे तीत विषय नाही, आणि ज्या भाषेत विषय आहे तीत आईबाप नाहीत. वास्तविक ही भाषा इतकी दरिद्री नव्हती. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालविले आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना स्वच्छ मराठीत उत्तरे दिली. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, आणि तरी दंड झालाच. ‘हस्तमैथुन’, ‘वीर्य’, ‘संभोग’ हे शब्द कोशात आहेत. एकदा उच्चारले, की दुसऱ्यांदा जीभ अडखळत नाही.

पत्रलेखिकेने मुलाला एकदम रोगी ठरवू नये. कसोट्यांत झोप आणि अभ्यास जात आहेत एवढेच आज दिसते; तो थांबविण्याचा प्रयत्न करतो काय, हे त्यालाच विचारावे लागेल. रात्री पाहण्यापूर्वी काय होते, हेही विचारावे: कंटाळा, परीक्षेची धास्ती, मित्र दुरावणे? उपचार करणारे याच टोकाला धरतात. जर तो म्हणाला, की सोडायचे आहे पण सुटत नाही, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून मोबाइल-इंटरनेटच्या अतिवापरासाठी स्वतंत्र सेवा आहे. बेळगाव-हैदराबादच्या वाचकांना ते फार दूर नाही. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर, कोणत्याही वेळी, विनामूल्य आणि अनेक भारतीय भाषांत मिळते. दुसऱ्या पत्रातल्या गृहस्थांनी तर आजच तेथे बोलावे. रस नसूनही हात जातो, ही यादीतलीच खूण आहे.

मुलाशी बोलावे कोणी, आईने की वडिलांनी, असेही बाईंनी शेवटी विचारले आहे. तो ज्याच्याशी क्रिकेटविषयी मोकळा बोलतो त्याने. वडिलांना जमत नसेल तर गावातल्या मामांना सांगावे. समोरासमोर बसवून नव्हे. स्कूटरवर मागे बसवून, किंवा संध्याकाळी चालताना, जेथे एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. पहिल्या दिवशी दहा मिनिटे पुरेत, आणि त्यातली पाच झोपेविषयी असावीत. रात्री दहानंतर घरातले सर्व मोबाइल जेवणघरातल्या फळीवर चार्जिंगला लागावेत. वडिलांचाही.