ओतून द्यावयाचे दूध कोणाचे?

दुभत्या गाईची कास सुजली की लहान दूध-उत्पादकाच्या घरात अर्थशास्त्राचा एक कठोर प्रश्न उभा राहतो. प्रतिजैविक द्यावे, तर उपचार चालू असेतो आणि त्यानंतरही औषधागणिक ठरलेले काही दिवस त्या गाईचे दूध विकावयाचे नसते. न द्यावे, तर सड कायमचा निकामी होण्याची धास्ती. ते दूध ओतून द्या, असा उपदेश करणे सोपे आहे. पण दोन गाईंच्या धारेवर पेंडीचे बिल आणि सोसायटीचा हप्ता भागविणाऱ्या कुटुंबाला त्याची भरपाई कोण देणार, हे मात्र कोणी सांगत नाही. परिणामी ते दूध डेअरीच्या कॅनमध्ये जाण्याचा मोह बळावतो.

हा प्रश्न एका गोठ्यापुरता नाही. दुधात उतरलेला औषधाचा अंश उकळल्याने पुरता नष्ट होत नाही. पेनिसिलिनचा अंश असलेल्या दुधाला विरजणही नीट लागत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे औषधाला न जुमानणारे जंतू. माणसासाठी अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे आणि एका जंतूतून दुसऱ्यात सहज जाणारे जनुक चीनमधील डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडल्याचे २०१५ साली तेथील संशोधकांनी जाहीर केले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनचा वापर बंद केला, हे योग्यच झाले. परंतु केवळ बंदीने कासदाह बरा होत नाही.

कासदाहावरील संशोधनाने मार्ग दाखविलेला आहे. सूज दिसण्यापूर्वीच दुधातील बिघाड गोठ्यात ओळखणारी 'कॅलिफोर्निया चाचणी' १९५७ पासून उपलब्ध आहे. तिला चार खळग्यांची एक तबकडी आणि साबणासारखे एक द्रावण पुरते. दुधाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून जंतू ओळखला, तर सौम्य आजाराच्या पुष्कळशा जनावरांना प्रतिजैविकाची गरजच नसते, असे अमेरिकेतील गोठ्यांवरील प्रयोगांत आढळले. नेदरलँड्समध्ये गाय आटवताना सरसकट चारही सडांत औषध भरण्याची प्रथा होती. ती थांबवून गरज असलेल्या गाईंनाच औषध देण्याचा नियम झाला. इतर निर्बंधांच्या जोडीने तेथील जनावरांच्या प्रतिजैविकांची विक्री २००९ नंतरच्या पाच-सहा वर्षांत निम्म्याहून खाली आली. दुग्धव्यवसाय काही बुडाला नाही.

मग हे ज्ञान आपल्या गोठ्यापर्यंत का पोहोचत नाही? कारण उघड आहे. औषधाचे दुकान बाजारपेठेत आहे. प्रयोगशाळा जिल्ह्याच्या गावी आहे. विकलेल्या प्रत्येक कुपीवर कोणाला तरी नफा मिळतो; न वापरलेल्या कुपीवर कोणालाच नाही. औषध कमी कसे वापरावे याचे संशोधन बाजार आपखुशीने करील, ही अपेक्षाच भाबडी आहे. ते सार्वजनिक पैशानेच व्हावे लागेल.

अशा कार्याची परंपरा या देशाला अपरिचित नाही. आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचा आरंभ १८८९ साली पुण्यातील एका सरकारी प्रयोगशाळेत झाला. लाखो जनावरे मारणारा बुळकांडी रोग सार्वजनिक खर्चाने, गावोगाव लस टोचून हटविला गेला. २००६ साली भारत आणि २०११ साली सारे जग त्यापासून मुक्त ठरले. दुकानदारीने ते साधले नसते.

कायद्याचा बडगा उगारा, असे काही जण म्हणतील. चिठ्ठीवाचून प्रतिजैविक विकू नये, हा कायदा आहेच. त्याची अंमलबजावणी झालीच पाहिजे. पण चिठ्ठी देणारा पशुवैद्य वेळेवर पोहोचत नसेल, तर त्या कायद्याचा भार गरीब पशुपालकावरच पडतो. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ कासदाहावर कोरफड, हळद आणि चुना यांच्या लेपाचा प्रसार करते. त्याची थट्टा नको आणि अंधश्रद्धाही नको. तो कोणत्या जंतूवर आणि रोगाच्या कोणत्या अवस्थेत उपयोगी पडतो, याची आपल्या गाईम्हशींवर कसोशीने परीक्षा व्हावी.

दूध संघांच्या वार्षिक सभांत कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. प्रत्येक संकलन केंद्रावर कासदाहाची चाचणी विनामूल्य व्हावी. तालुक्याच्या पशुचिकित्सालयात जंतुपरीक्षेची सोय असावी. आणि उपचाराखालील जनावराचे दूध जो प्रामाणिकपणे बाजूला ठेवील, त्याला संघाच्या व शासनाच्या निधीतून त्या दुधाचे दाम मिळावे. औषधाची शक्ती ही साऱ्या समाजाची ठेव आहे. ती राखण्यासाठी ओतून द्यावे लागणारे दूधही समाजाच्याच खात्यावर मांडले गेले पाहिजे.