चिमट्याची जकात आणि दोरीची जागा

फेब्रुवारी १९७९ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एक घोषणापत्र काढले आणि कपडे वाळत घालण्याच्या स्वस्त स्प्रिंगदार चिमट्यांच्या आयातीवर तीन वर्षांसाठी मर्यादा घातली. चीनशी अमेरिकेचे राजनैतिक संबंध प्रस्थापित होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. इराणमध्ये नुकतीच राज्यक्रांती झाली होती आणि तेलाच्या भावाने पाश्चात्त्य राष्ट्रांची झोप उडवली होती. अशा समयी जगातील सर्वांत बलाढ्य अर्थव्यवस्थेच्या प्रमुखाला चिमट्याकडे लक्ष द्यावे लागले, ही गोष्ट वरवर हास्यास्पद वाटेल. परंतु ती पहिली वेळही नव्हती. १९५७ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी याच वस्तूवरील आयातकर वाढवला होता. मुक्त व्यापाराची दीक्षा साऱ्या जगाला देणाऱ्या देशाने एकदा रिपब्लिकन आणि एकदा डेमोक्रॅटिक अध्यक्षाच्या कारकिर्दीत चिमट्याला संरक्षण दिले. तरीही त्याचे कारखाने वाचले नाहीत. ते का वाचले नाहीत, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा गंभीर आहे आणि मुंबई-पुण्याच्या नव्या वसाहतींत राहणाऱ्यांशी त्याचा जवळचा संबंध आहे.

अमेरिकेतील जुना चिमटा म्हणजे लाकडाचा एकच अखंड तुकडा. वर लहानसा गोल माथा, खाली मध्यभागी चीर आणि तिच्यामुळे झालेले दोन पाय. दोरीवर कपडा टाकून वरून तो खोचायचा. त्याचे श्रेय बहुधा शेकर पंथाच्या साध्या राहणीच्या वसाहतींना दिले जाते. १८५३ मध्ये व्हर्माँट राज्यातील डेव्हिड स्मिथ याने दोन लाकडी पट्ट्या आणि स्प्रिंग यांचा चिमटा पेटंट करून घेतला. १८८७ मध्ये सोलोन मूर याने एकाच तारेच्या वेटोळ्याची स्प्रिंग योजिली आणि आज सर्वत्र दिसणारा चिमटा सिद्ध झाला. १८५२ ते १८८७ या पस्तीस वर्षांत एकट्या चिमट्यासाठी अमेरिकेत १४६ पेटंटे दिली गेली. न्यू इंग्लंडच्या जंगलांतील लाकूड, तेथील पाणचक्क्या आणि गावोगावच्या लहान गिरण्या यांवर हा धंदा उभा राहिला.

स्प्रिंगचा चिमटा आल्यावर अखंड लाकडी चिमटा नाहीसा व्हावयास हवा होता. तो झाला नाही, कारण लोकांनी त्याला दुसरी कामे लावली. त्याचा गोल माथा म्हणजे आयते डोके आणि चिरलेले टोक म्हणजे आयते पाय. त्यावर चिंध्यांचे झगे चढवून मुलींच्या कित्येक पिढ्यांनी बाहुल्या केल्या. पश्चिम पेनसिल्व्हेनिया आणि पूर्व ओहायो या पोलादाच्या पट्ट्यात त्याने थेट भट्टीत प्रवेश मिळवला. पूर्व युरोपातून आणि इटलीतून आलेल्या कामगारांच्या घरी लग्नकार्यात नवरा-नवरीच्या केकबरोबर घरच्या बायकांनी केलेल्या बिस्किटांचे एक मोठे टेबल मांडले जाते. त्यात चिमट्याची बिस्किटे हमखास असतात. लोण्याच्या पिठाची पट्टी लाकडी चिमट्याभोवती तिरपी गुंडाळायची, चिमट्यासकट भाजायची, मग चिमटा अलगद ओढून काढायचा आणि पोकळ नळीत गोड मलई भरायची. असे चिमटे कपड्यांच्या टोपलीत जात नाहीत. ते वेगळे राखलेले असतात. प्लॅस्टिकचा चिमटा या भट्टीत वितळून जाईल, आणि स्प्रिंगच्या चिमट्याभोवती पीठ नीट बसणार नाही. सप्टेंबर १९७७ मध्ये ओहायोतील यंग्जटाउन येथील मोठा पोलाद कारखाना बंद होत असल्याची घोषणा झाली आणि हजारो कामगार देशोधडीला लागले. पोलाद गेले, बिस्किटांचे टेबल मात्र त्या भागात आजही मांडले जाते.

तथापि ज्या वस्तूचे ग्राहकाला कौतुक, ती उत्पादकाला परवडतेच असे नाही. लाकडाचा बरा चिमटा वर्षानुवर्षे टिकतो. एकदा चार डझन घेतले की ते घर त्या दुकानाकडे पुन्हा फिरकत नाही. उलट प्लॅस्टिकचा चिमटा उन्हातच वापरायचा असूनही उन्हानेच ठिसूळ होतो आणि एके दिवशी बोटांत तुकडे होऊन पडतो. बाजाराच्या हिशेबात हा दोष नसून गुण आहे, कारण पुन:खरेदीची ती हमी असते. आपल्याकडे लोकलमध्ये किंवा रस्त्याच्या कडेला डझनाच्या भावाने मिळणाऱ्या रंगीत चिमट्यांची हीच कथा आहे.

पण अमेरिकन चिमट्याचा खरा प्रतिस्पर्धी चिनी, पोलिश वा रुमानियन चिमटा नव्हता, तर कपडे सुकवणारे विजेचे यंत्र होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ते घरोघर शिरले. त्यापाठोपाठ नव्या वसाहतींच्या मालक-संघांनी नियम केले की, अंगणात दोरी बांधता कामा नये. वाळणारे कपडे दिसले की वसाहतीची प्रतिष्ठा आणि घरांच्या किमती उतरतात. म्हणजे एकीकडे सरकार चिमट्याला जकातीचे आणि कोट्याचे कुंपण घालत होते आणि दुसरीकडे चिमटा जिला लावायचा ती दोरीच तोडली जात होती. मागणी आटत असता पुरवठ्याला दिलेले संरक्षण किती काळ पुरणार? या शतकाच्या पहिल्या दशकात मेन आणि व्हर्माँटमधील जुन्या कारखान्यांनी लाकडी चिमट्यांचे उत्पादन थांबवले.

१९७५ मध्ये स्टीव्ह बेअर या सौरऊर्जेच्या अमेरिकन संशोधकाने या व्यवहारातील एक विसंगती दाखवून दिली. कपडे यंत्रात सुकवले की खर्च झालेली वीज देशाच्या ऊर्जेच्या हिशेबात येते. तेच कपडे दोरीवर टाकले तर विजेचा आकडा घटतो, पण सूर्याने केलेले काम कोणत्याच रकान्यात जमा होत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाची स्थितीही तीच. यंत्र विकले गेले, वीज विकली गेली, दुरुस्तीवाला येऊन गेला की उत्पन्न वाढते; दोरीवर ऊन पडले तर काहीच वाढत नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी नकाशात जागाही ठेवली जात नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो योग्यच आहे. दोरीवर केवळ ऊनच अदृश्य असते असे नाही. बादली उचलणारी, कपडे पिळणारी, झटकणारी आणि पावसाचा थेंब पडताच धावत जाणारी बाईही त्या हिशेबात अदृश्य असते. नोकरी सांभाळून हे सारे करणाऱ्या स्त्रीला यंत्र हवेसे वाटले तर तिला साध्या राहणीचे पाठ देण्याचा अधिकार कोणालाही नाही. कोकणातील आषाढ-श्रावणात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. लाकडाला बुरशी येते, स्प्रिंगचा गंज पांढऱ्या सदऱ्यावर उतरतो. यंत्र कोणी घेऊच नये असे म्हणण्यात अर्थ नाही. मुद्दा एवढाच की, ज्याला दोरी हवी आहे त्याला ती नियमाने नाकारली जाऊ नये.

अमेरिकेला हे उशिरा का होईना उमगले. फ्लोरिडाने १९८० च्या सुमारास, कोलोरॅडोने २००८ मध्ये आणि मेन व व्हर्माँट यांनी २००९ मध्ये दोरीवरील बंदीला आळा घालणारे कायदे केले. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतानेही २००८ मध्ये तेच केले. व्हर्माँटमध्ये दोरीला कायद्याचा आधार मिळाला तेव्हा तेथील चिमट्यांचा जुना धंदा संपल्यात जमा होता.

महाराष्ट्रात हा क्रम उलटा लावण्याची संधी अजून आहे. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर आजही असंख्य कपडे चिमट्याविना वाळतात. दोन दोऱ्या एकमेकींत पिळून बांधलेल्या असतात आणि त्या पिळातच कपड्याचे टोक अडकवले जाते. चाळीच्या गॅलरीत दांडी होती, वाड्याच्या चौकात दोरी होती. नव्या संकुलांत मात्र अमेरिकन मालक-संघांची भाषा जशीच्या तशी आली आहे: इमारतीचा दर्शनी भाग विद्रूप होतो, सबब बाल्कनीबाहेर कपडे घालू नयेत. स्वयंपाकघरामागे जिला ‘ड्राय बाल्कनी’ म्हणतात, त्या चिंचोळ्या जागेत धुण्याचे यंत्र बसले की एका साडीपुरतीही रुंदी उरत नाही आणि ऊन तर अनेकदा तेथवर पोहोचतच नाही. परिणामी सुकवणीचे यंत्र ही चैन न राहता सक्ती होते आणि ते घेणे ज्याला परवडत नाही त्याच्या घरात पंख्याखाली ओले कपडे लटकतात.

गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभेपुढे वाहनतळाचा विषय दरवर्षी येतो. त्याच सभेत निदान ऑक्टोबर ते मे या महिन्यांत गच्चीचे कुलूप दिवसा उघडे ठेवण्याचा आणि तेथे मजलेवार दोऱ्या बांधण्याचा ठराव मांडायला कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. खर्च काही मीटर दोरीचा आणि चार खांबांचा आहे. चिमटे ज्याने त्याने आणावेत.