डोक्याचा मुका मार



माळव्यात सोयाबीनची काढणी सुरू झाली म्हणजे उज्जैनकडील रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्या व मोटारसायकली यांनी भरून जातात. अशा दिवसांत कोणी गाडीवरून पडतो, कोणी ट्रॉलीवरून घसरतो. डोक्याला मार बसतो, पण रक्त येत नाही. सी. टी. स्कॅनही निर्दोष निघतो. घरची माणसे देवाचे आभार मानतात, आणि ते योग्यच होय. खरी कसोटी मात्र पुढेच असते.

महिना लोटला तरी डोके दुखतच राहते. चक्कर येते, उजेड व गोंगाट सोसवत नाही, झोप बिघडते. शांत स्वभावाचा माणूस क्षुल्लक कारणाने चिडतो, सांगितलेले विसरतो. मग कोणी म्हणतो, ‘कामाचा कंटाळा आहे’. कोणी म्हणतो, ‘बाहेरची बाधा आहे’. दोन्ही समजुती रोग्यावर अन्याय करणाऱ्या आहेत. कवटीच्या आत मेंदू हादरला म्हणजे त्याच्या पेशींच्या कार्यात बिघाड होतो. स्कॅनमध्ये हाडाची मोड व रक्तस्राव दिसतो; हा बिघाड सहसा दिसत नाही. बहुतेक प्रौढ सुमारे 2 आठवड्यांत व मुले 4 आठवड्यांत बरी होतात. काहींना मात्र अनेक महिने लागतात.

आपली मुले क्रिकेटची भक्त आहेत, म्हणून एक उदाहरण देतो. डिसेंबर 2020 मध्ये कॅनबेरा येथे रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. त्याच्या जागी चहल उतरला, आणि जडेजा त्या मालिकेतील उरलेले टी-20 सामने खेळला नाही. त्याला कोणी आळशी म्हटले नाही. मग आपल्या घरच्या कष्टकऱ्याला का म्हणावे?

पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी. मोबाईल व दूरदर्शन शक्य तो टाळावे. त्यानंतर मात्र अंधाऱ्या खोलीत पडून राहू नये. थोडे चालावे, हलके काम करावे. त्रास फार वाढला तर एक पायरी मागे यावे. झोपेची वेळ नियमित ठेवावी. दारू वर्ज्य करावी. रोज वेदनाशामक गोळ्या घेतल्यास डोकेदुखी उलट वाढते. डॉक्टरांनी अनुमती दिल्यावाचून वाहन चालवू नये. डोक्याला पुन्हा मार बसणे घातक असते. मिस्साच्या वेळी गायनाचा आवाज असह्य झाल्यास बाहेर ओसरीवर बसावे. त्यात पाप नाही. त्रास टिकून राहिल्यास डॉक्टरांकडे पुन्हा जावे.

वारंवार उलटी, आचके, वाढती गुंगी, अडखळणारी वाचा किंवा हातापायांतील दुर्बलता दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता इस्पितळ गाठावे.

शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याने जखमा बांधल्या, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. पुढील दिवसांच्या खर्चासाठी त्याने उतारशाळेच्या मालकाला पैसे दिले व परत येण्याचे वचनही दिले. पट्टी बांधणे एका घटकेचे काम. पुढचे दिवस सांभाळणे ही खरी दया. ज्याची जखम दिसत नाही, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हीच त्याची पहिली शुश्रूषा होय.

प्रभू आपल्या कुटुंबांना ते धैर्य देवो.